अकरा नंबरचं माहेर

"मावशी, तुझं माहेर अकरा नंबरात येतं," भाचा म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रविवारची दुपार, मुलुंडचं आमचं घर, ताटं उचलून झालेली, टेबलावर आमटीचा ओघळ अजून तसाच. पडद्यावर तानसा तलाव होता. मधोमध निळा, हातपाय पसरलेला, आणि भोवती हिरवे, पिवळे, तपकिरी तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक नंबर. अकरावर त्यानं टिचकी मारली तशी एक चौकट उघडली: क्षेत्रफळ, सरासरी उतार, मातीचा प्रकार, जमिनीचा वापर. गावाचं नाव कुठेच नव्हतं. देऊळ, पाडे, आमच्या अंगणातला फणस यांचा तर प्रश्नच नाही. मी "बरं" म्हणाले आणि टेबल पुसायला घेतलं. पण तो अकरा नंबर नंतर किती तरी दिवस डोक्यातून हलेना. राग म्हणावा तर तसा राग नव्हता. पोरगा तलावाच्या काठाकाठानं उन्हातान्हात बाटल्या भरत हिंडलाय, परवानग्यांसाठी किती टेबलांपुढे उभा राहिलाय, हे मला माहीत आहे. तरीही काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते सांगता येत नव्हतं.

तो पीएचडी करतोय. तलाव आणि त्याचा पाणलोट यांचं मिळून एक मॉडेल: डोंगरावर पडलेला पाऊस खाली येताना काय काय घेऊन येतो, तलावात गेल्यावर त्याचं काय होतं, शेवाळ कधी वाढतं, तळातला ऑक्सिजन कधी संपतो. आपल्या मुंबईकरांची तलावांशी ओळख एवढी खोल नसते. आपली ओळख टक्क्यांची. जून लागला की पेपरात ती चौकट येते, सात तलाव, सात आकडे, गेल्या वर्षी याच दिवशी किती होते ते शेजारी. सगळे काठोकाठ भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहर रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पितं, धुतं, सांडतं. भागाकार केला तर वर्षाला जेमतेम आठवडाभर वर. म्हणजे दर पावसाळ्यात नव्यानं सुरुवात. मग एखाद्या सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तानसा भरून वाहू लागल्याचा व्हिडिओ येतो, खाली नमस्काराचे हात, आणि पाणीकपातीचं सावट वर्षापुरतं टळतं. तानसा भरतो १२८.६३ मीटरला. हा आकडा मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. समुद्रसपाटीपासूनचा असेल असं धरून चालले होते. भाच्यानं सांगितलं की नाही, तो टाऊन हॉल डेटमवरचा. डेटम म्हणजे उंची जिथून मोजायला लागतात तो शून्य. टाऊन हॉल म्हणजे आपल्या फोर्टातला, पांढऱ्या खांबांचा, उंच पायऱ्यांचा, एशियाटिकचं ग्रंथालय आहे तो. शंभरेक किलोमीटरवर, शहापूरच्या पलीकडच्या जंगलात पाणी किती चढलं, हे आजही फोर्टातल्या त्या इमारतीच्या हिशेबानं लिहितात.

हे ऐकल्यावर मी हसले. मग मात्र तो अकरा नंबर जास्तच बोचायला लागला.

माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मॉडेलचा गाभा मला त्याच्या अपेक्षेपेक्षा लवकर कळला. तो जमाखर्च आहे. पाण्याचा, मातीचा आणि मुख्य म्हणजे शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फरसचा. आत किती आलं, बाहेर किती गेलं, तळाशी किती बसलं, शिल्लक किती. रिचर्ड फोलेनवायडर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६८ च्या एका अहवालात आणि त्यानंतरच्या कामात ही मांडणी रुजवली: तलाव हिरवा होणार की नितळ राहणार, हे बऱ्याच अंशी त्यात वर्षाला किती फॉस्फरस पडतो, तलाव किती खोल आहे आणि त्यातलं पाणी किती काळ मुक्काम करतं यावर ठरतं. यावर तेव्हा भांडणं झाली. साबणवाल्यांना ते पटणं शक्यच नव्हतं, कारण साबणाच्या पावडरीत फॉस्फेट ठासून भरलेलं असे. मग कॅनडात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका तलावाच्या कमरेत चक्क पडदा टाकला. २२६ नंबरचा तलाव (त्यालाही नंबरच!). एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसरीकडे तेच अधिक फॉस्फरस. विमानातून काढलेला फोटो भाच्यानं दाखवला. एक अर्धा काळसर निळा, दुसरा वाटाण्याच्या रंगाचा. फोटो बघून मी गप्प झाले. एवढा सोपा पुरावा फार थोड्या गोष्टींना मिळतो.

आणि फॉस्फरस आभाळातून फारसा येत नाही, तो उतारावरून येतो. मातीच्या कणांना चिकटून, शेणातून, खतातून, सांडपाण्यातून, पानांच्या कुजण्यातून. म्हणून तलावाचा अभ्यास करणारा माणूस तलावाकडे पाठ करून डोंगर बघतो. याचं उदाहरण मुंबईत एकमेकांना खेटून पडलं आहे. विहार तलाव १८६० चा, पवई १८९० च्या आसपासचा, मध्ये फार अंतर नाही, दोघांच्या सांडव्याचं पाणी शेवटी मिठी नदीतच जातं. विहारच्या भोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल राहिलं आणि विहारचं पाणी शहर आजही पितं. पवईच्या भोवती काय आलं ते आपण बघितलंच आहे. तिथलं पाणी पिण्याच्या यादीतून केव्हाच गेलं, जलपर्णी काढायची कंत्राटं निघतात आणि ती पुन्हा उगवते. पाऊस दोघांवर तोच पडतो.

भाच्याच्या पलंगाखाली एक तबकडी असते. सेकी डिस्क. १८६५ साली अँजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्र्यानं भूमध्य समुद्रात पांढरी थाळी दोरीनं सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजलं, तिचीच ही पुढची आवृत्ती. चार भाग, दोन काळे, दोन पांढरे, मधल्या भोकातून नायलॉनची दोरी, दोरीवर ठरावीक अंतरानं लाल टेप गुंडाळलेला, आणि खाली वजन म्हणून नटबोल्टनं कसलेली लोखंडी पट्टी. तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी धरायची, वर ओढताना पुन्हा दिसली की धरायची, दोन्हींची सरासरी. बस. मी ती हातात घेतली तर कडेला वाळलेल्या चिखलाची रेघ होती. त्या चिखलाचा वास मी कुठेही ओळखीन. भाताच्या खाचरातून संध्याकाळी घरी आल्यावर आईच्या पायांना यायचा तो. एवढ्या कोटींच्या उपग्रहांच्या चित्रांमध्ये, एवढ्या समीकरणांमध्ये, शेवटी खरंखोटं करायला ही दोरी आणि दोन डोळे लागतात, याचं मला बरं वाटलं. भाच्याला त्यात विशेष काही वाटत नाही. तो म्हणतो, ढग आले की रीडिंग बिघडतं.

उन्हाळ्यात तलावात थर पडतात, हेही त्याच्याकडूनच कळलं. वर तापलेलं हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. थंड देशांतल्या तलावांवर लिहिलेल्या पुस्तकांत यासाठी वर आणि खाली बराच फरक लागतो. आपल्याकडे दोनतीन अंश पुरतात, कारण गरम पाण्याचं गणित वेगळं असतं. २९ अंशांचं ३० होताना पाणी जेवढं हलकं होतं, ते ४ चं ५ होताना पडणाऱ्या फरकाच्या तीसपटीहून जास्त. मग खालच्या थरात हवा पोचत नाही, गाळातले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, आणि गाळात धरून ठेवलेला फॉस्फरस, लोह, मँगनीज सुटून पाण्यात येतं. म्हणजे पेपरातली टक्केवारी उतरत उतरत तळाशी येते तेव्हा उरलेला थेंब हा ऑक्टोबरातला थेंब नसतो. तो शुद्धीकरण केंद्रात जास्त मेहनत मागतो. ही चौकट पेपरात कुणी छापत नाही. मला विचाराल तर एप्रिल-मे महिन्यांत तरी छापावी.

पण मला सांगायचंय ते अकरा नंबराबद्दल.

भाचा वापरतो त्या मॉडेलला स्वॉट म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्यात तयार झालेलं, जगभर चालतं. ते डोंगराचे आधी उपपाणलोट पाडतं, प्रत्येकाला नंबर देतं. मग उपपाणलोटाच्या आत एकाच मातीची, एकाच उताराची, एकाच वापराची जमीन जिथं जिथं असेल ती सगळी एकत्र बांधून एक घटक करतं. मी विचारलं, म्हणजे आमचं ओढ्याकाठचं खाचर आणि टेकडीपलीकडचं पाटलांचं खाचर एकच? "एकच. घटकाला जागा नसते गं, फक्त क्षेत्रफळ असतं." आमच्या बाबांनी एका बांधासाठी आयुष्यभर ज्यांच्याशी अबोला धरला, त्यांचं आणि आमचं भात मॉडेलमध्ये एकत्र पिकतं. बाबांना हे सांगायला हवं होतं. पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यातलं नव्हतं. गणित हलकं व्हावं म्हणून एक मर्यादा घालतात. उपपाणलोटात एखादा वापर त्या मर्यादेहून कमी जागेत असेल तर तो गाळून त्याची जमीन बाकीच्यांत वाटून टाकतात. त्यानं दहा टक्क्यांची मर्यादा घातली होती. अकरा नंबरात वस्ती दोन टक्केही भरत नाही. घरं, गोठे, शाळा, मंदिर, पाण्याची टाकी, सगळं गाळलं गेलं आणि त्याचं जंगल आणि भात झालं. कागदावर तिथं आता कुणी राहत नाही.

तो काही लबाडी करत नव्हता, हे पुन्हा सांगते. दोन टक्के वस्तीचा फॉस्फरस खरंच तेवढा नसतो. पाणी किती वाहून जाईल हे काढायला प्रत्येक जमिनीला शंभरपैकी मार्क देतात. अमेरिकेतल्या मृदसंधारण खात्यानं १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. डांबर-काँक्रीटला ९८, चांगल्या जंगलाला मातीप्रमाणे साधारण तीस ते सत्याहत्तर. आमच्या पाड्याची कुडाची आणि कौलारू घरं या हिशेबात कुठं बसवायची? बसवली काय आणि गाळली काय, तलावातल्या आकड्याला धक्का लागत नाही. मॉडेलच्या बाजूनं विचार केला तर तो बरोबर आहे. अडचण अशी की मला मॉडेलच्या बाजूनं विचार करता येतो आणि माहेरी राहणाऱ्या वहिनीच्याही.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. जुलै ते सप्टेंबर त्याचे आकडे मोजलेल्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळत होते. जूनचे जुळत नव्हते. पहिल्या मोठ्या पावसात तलावात जेवढा फॉस्फरस येतो त्याहून मॉडेल कमी दाखवत होतं. मी विचारलं, राब धरलास का? त्यानं विचारलं, काय? मुंबईत वाढलेलं पोर. मग मी सांगितलं. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर उन्हाळ्यात आधी शेणाचा थर, वर ऐनाचे टहाळ, पातेरा, गवत, त्यावर मातीचा हात, आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. ज्वाळा भडकू द्यायच्या नाहीत, धुमसत ठेवायचं. माती भाजते, तणाचं बी मरतं, राख राहते, तिच्यावर पहिल्या पावसाआधी किंवा लगेच भात पेरायचं. लहानपणी सगळ्या माळाला त्या धुराचा वास असायचा, कपड्यांना, केसांना, ताकाला. इंग्रजांना तो वास मानवला नाही. टहाळांसाठी जंगल तोडतात म्हणून ठाणे-कुलाब्यात (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) एवढा वाद पेटला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. तानसाचं बांधकामही त्याच दशकात सुरू झालेलं, १८९२ ला पुरं झालेलं. म्हणजे एकाच वेळी वरच्या बाजूला राबाच्या टहाळ्या मोजल्या जात होत्या आणि खालच्या बाजूला अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत चढत होती.

भाच्याचे डोळे चमकले. जळताना नायट्रोजन उडून जातो, फॉस्फरस आणि पोटॅश राखेत उरतं. जूनच्या पहिल्या सरीला ती राख उघडी असते. त्यानं वहीत हिशेब मांडला. मग चेहरा उतरला. राब शेताच्या थोड्याशाच भागावर भाजतात, आणि त्या तुकड्याला बांध असतो. राख सगळी धरली तरी जूनची तूट थोडीच भरत होती. बाकीचं कुठून? उन्हाळाभर साठलेला पातेरा, गुरांच्या वाटेवरचं शेण, वीटभट्ट्यांनी उकरून ठेवलेली माती, कोरड्या ओढ्यांच्या तळाची धूळ, असं थोडं थोडं. प्रत्येकाचं मोजमाप करायला कुणाकडे वेळ आहे? तरी त्यानं राब घातला. त्यासाठी मॉडेलला तारीख लागते. कुठल्या दिवशी भाजणी, कुठल्या दिवशी पेरणी. मी दादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दादा म्हणाला, "तारीख कसली? सवड मिळाली, वारा पडला की लावायची काडी." बराच वेळ शांतता. मग त्यालाच दया आली असावी, म्हणाला, "लिही बाबा, पंधरा एप्रिल लिही."

फोन ठेवता ठेवता मी सवयीनं विचारलं, टँकर सुरू झाला का? झाला होता.

तलावाच्या वरच्या अंगाला असणं म्हणजे काय, हे मुंबईत समजावून सांगावं लागतं. "धरण उशाला, कोरड घशाला" हा मथळा दर मे महिन्यात इतका छापून येतो की आता कुणाची नजर त्यावर अडत नाही. पावसाळ्यात आमच्या गावात छत्री हा निव्वळ देखावा असतो, एवढा पाऊस. पण खाली काळा कातळ, वर हातभर माती. पाणी थांबतच नाही. ते ओढ्याला जातं, ओढा तलावाला. तलाव खाली, गाव वर, आणि तलावाचं पाणी शहराचं. होळीनंतर विहिरी तळ दाखवतात. मग टँकर येतो आणि त्याचं पाणी विहिरीत ओततो. त्या विहिरीतून ते पुन्हा पोहऱ्यानं शेंदायचं. टँकरची जाड नळी विहिरीच्या काठावरून आत सोडतात, पाणी कातळावर आपटतं, तळाचा गाळ उसळतो, आणि आठदहा पोहरे एकदम आत पडतात. गाळ बसेपर्यंत थांबलं तर मागचीला मिळत नाही. वहिनी लुगड्याचा पदर चौपदरी करून कळशीच्या तोंडावर धरते. पाणी चहाच्या रंगाचं, त्यात कधी डिझेलचा वास. सेकी डिस्क त्यात बुडवायची वेळच येणार नाही.

तानसाची क्षमता १,४५,०८० दशलक्ष लिटर. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर तानसात एक कोटी पंचेचाळीस लाख टँकर मावतात. हा हिशेब मी त्याच टेबलावर, त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर केला. मग त्याला विचारलं, तुझ्या मॉडेलमध्ये साठ्याचा आकडा एक टक्का इकडेतिकडे झाला तर चालतं? तो म्हणाला, एक टक्का जमलं तर गाइड पेढे वाटतील. एक टक्का म्हणजे एक लाख पंचेचाळीस हजार टँकर. आमच्या गावाला उन्हाळाभर जेवढे येतात, ते त्या चुकीच्याही चुकीत कुठं सापडणार नाहीत. त्यालाही हे ऐकून कसंसंच झालं. "मावशी, पण हे मॉडेलचं काम नाही. हे जिल्हा परिषदेचं काम आहे."

बरोबर आहे. तरी मी एक विचारलं. मुंबईचा रोजचा उपसा तू मॉडेलमध्ये घातलायस ना? घातला होता, अर्थात. त्याशिवाय तलावाची पातळी जुळणार कशी. कुठं घातला? पाऊस, बाष्पीभवन, सांडवा आणि उपसा, एका ओळीत. मुंबई त्या ओळीत आकाशाच्या शेजारी बसली आहे. बाष्पीभवन का होतं असं कुणी विचारत नाही, तसं मुंबई पाणी का नेते हेही कुणी विचारत नाही. तो एक दिलेला आकडा आहे. अकरा नंबराचा उपसा मात्र जिल्हा परिषदेचा विषय. मी आवाज चढवला नव्हता, पण स्वयंपाकघरातून नवऱ्यानं डोकावून बघितलं.

आणि हे सगळं मी मुलुंडच्या घरात बोलत होते, जिथं सकाळी नळाला येतं ते पाणी त्याच टेकड्यांवरून आलेलं असतं, आणि वर तक्रार करते मी की दाब कमी आहे. माहेरचं पाणी सासरी येतं, एवढं तरी समाधान मानावं का, असं मनात येतं आणि त्याची लाजही वाटते.

भाचा आता वस्तीची मर्यादा दहावरून खाली आणून पुन्हा गणित लावतोय. लॅपटॉप रात्रभर घरघरतो, घटकांची संख्या कितीतरी पटीनं वाढली. निकाल जवळजवळ तोच येणार, हे त्याला माहीत आहे. मी आणखी एक मागितलंय: निकालाच्या तक्त्यात एक जास्तीची ओळ, उपपाणलोटनिहाय, मार्च ते जून, घरटी उपलब्ध पाणी. तो म्हणतो, परीक्षक विचारतील याचा शेवाळाशी काय संबंध. मी म्हटलं, विचारू देत. गाइडना दाखवायचा मसुदा परवा त्यानं मलाही पाठवला. वस्तीचा नवा रंग आलाय, गुलाबी, भिंगातून बघावा लागेल एवढा. ओळ अजून नाही. ती येईपर्यंत त्याच्या वाट्याच्या सहा चिवड्याच्या पिशव्या मी अडवून ठेवल्या आहेत.